अर्धा तास

पहाटे साडेपाचच्या सुमारास काकतीच्या सर्व्हिस रोडवर मुलं धावायला उतरतात. एका बाजूला पुणे-बंगळूर महामार्गावरचे ट्रक, दुसऱ्या बाजूला ऊस, आणि मधल्या पट्ट्यात भरतीची तयारी करणारी वीस-पंचवीस पोरं. बेळगाव इथून आठ-दहा किलोमीटर. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र तिथं असल्यामुळे आमच्या भागात धावण्याकडे नोकरीची पहिली पायरी म्हणूनच बघतात. मी फिरायला निघालो की त्यांच्यातलं कोणीतरी मोबाइल माझ्या हातात देतं. "टायम धरा की काका."

एकदा दोन मुलांत वाद झाला. एकाची वेळ पाच मिनिटं दहा सेकंद, दुसऱ्याची त्याहून बरीच जास्त, पण दुसऱ्याचं म्हणणं असं की पहिला अलीकडच्या खांबाला वळला. कुठल्या खांबाला वळायचं हे मोटारसायकलच्या मीटरवरून ठरलेलं. शेवटी आम्ही पन्नास मीटरचा पोलादी टेप आणला आणि रस्ता मोजला. सोळाशे मीटर म्हणून मुलं जे धावत होती, ते साठ मीटरनं कमी भरलं. त्या वेगाला साठ मीटर म्हणजे बारा सेकंद. बारा सेकंदांत भरती होते किंवा हुकते. महिनोन्‌महिने ती मुलं स्वतःचीच चुकीची वेळ डोक्यात धरून होती, आणि यात कोणाचीही लबाडी नव्हती.

त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. खेळातला न्याय माणसांच्या चांगुलपणाच्या भरवशावर सोडता येत नाही. तो आधी टेपानं मोजावा लागतो, घड्याळानं धरावा लागतो, कागदावर लिहावा लागतो, आणि तो मागायला वेळेवर हजर राहावं लागतं. जगातल्या मोठ्या स्पर्धांत हे नेमकं कसं करतात, ते या मुलांसाठी सविस्तर मांडतो.

सुरुवात आपल्याच माणसापासून करू. १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्पला ऑलिंपिक झालं. त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. वेळ दोन तास पन्नास मिनिटं पंचेचाळीस सेकंद. ही संधी आली ती दोराबजी टाटांमुळे. ते पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. तिथल्या स्पर्धांत शेतात राबणारी, बेताचं खाणारी मुलं सुमारे पंचवीस मैलांच्या शर्यतीत खडीच्या रस्त्यावर अनवाणी धावतात, त्यांना युरोपातले नियम ठाऊक नाहीत, शास्त्रशुद्ध सराव म्हणजे काय ते माहीत नाही, तरी पहिल्या तीन-चार जणांची वेळ परदेशातल्या धावपटूंच्या तोडीची आहे, हे त्यांनी पाहिलं. पुढे स्वतः खर्चाचा मोठा भार उचलून त्यांनी सहा जणांचा चमू अँटवर्पला पाठवला. चार धावपटू, दोन पैलवान.

आता चौगुल्यांची वेळ आजच्या मॅरेथॉनपटूच्या वेळेशेजारी ठेवून पाहा. तुलना लगेच जमत नाही, कारण अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती. १९१२ च्या स्टॉकहोममध्ये ती ४०.२ किलोमीटरची होती आणि १९०८ च्या लंडनमध्ये ४२.१९५. लंडनचं हे अंतर जगानं कायमचं मान्य केलं ते १९२१ मध्ये, म्हणजे चौगुले धावून आल्यानंतर. आजच्या मॅरेथॉनपेक्षा ते ५५५ मीटर जास्त धावले. त्यांच्या सरासरी वेगानं आजचं अंतर धरलं तर हिशेब दोन तास साडेअठ्ठेचाळीस मिनिटांच्या आसपास येतो. जिंकलेला फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन त्यांच्यापेक्षा अठरा मिनिटांनी पुढे होता, पण तो तेवढंच अंतर, त्याच रस्त्यावर, त्याच दिवशी धावला. एका शर्यतीत सगळ्यांना अंतर सारखं, एवढा न्याय तेव्हाही होता. दोन शर्यतींची तुलना करता यावी हा न्याय नंतर आला, आणि तो आणला मोजमापानं.

रस्त्यावरच्या शर्यतीचं अंतर आज कसं मोजतात? सायकलनं. ऐकायला साधं वाटतं, पण पद्धत फार विचारपूर्वक बांधलेली आहे. आधी सरळ, सपाट रस्त्यावर पोलादी टेपानं किमान तीनशे मीटर अंतर आखून घेतात. सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं छोटं मोजणीयंत्र बसवलेलं असतं. चाक फिरतं तसा त्यावरचा आकडा चढतो, आणि एक आकडा म्हणजे सुमारे नऊ-दहा सेंटिमीटर. आखलेल्या अंतरावरून चार वेळा सायकल चालवायची आणि किती आकडे पडले ते लिहून ठेवायचं. त्यावरून या सायकलला, आजच्या हवेत, किलोमीटरला किती आकडे लागतात ते निघतं. मग त्यात हजारात एक या प्रमाणात वाढ करायची. किलोमीटरमागे एक मीटर, मॅरेथॉनला बेचाळीस मीटर. ही भर धावपटूवर अन्याय करण्यासाठी घातलेली नाही. मोजण्यात बारीक चूक होणारच, ती झालीच तर अंतर कमी भरू नये, इतकाच हेतू. कमी अंतरावर झालेला विक्रम पुसला जातो, आणि त्यात धावणाऱ्याचा काहीच दोष नसतो.

मोजताना सायकल रस्त्याच्या मधून न नेता धावपटू जास्तीत जास्त आत घेऊन जाऊ शकेल अशा रेषेवरून नेतात. वळणावर कडेपासून तीस सेंटिमीटर अंतर राखून. काम संपलं की पुन्हा आखलेल्या अंतरावर चार फेऱ्या, कारण दुपारपर्यंत ऊन वाढतं, टायरमधली हवा फुगते, चाकाचा घेर बदलतो. सकाळचा आकडा आणि दुपारचा आकडा यांत फरक पडला तर तो हिशेबात धरतात. मोबाइल किंवा मनगटी घड्याळातल्या उपग्रहाच्या मोजणीला विक्रमासाठी मान नाही. झाडाखाली, इमारतींच्या मध्ये ती खुणा इकडेतिकडे टाकते आणि सरळ रस्ताही नागमोडी मोजते. २०१६ साली स्कॉटलंडमधली एक मोठी अर्धमॅरेथॉन दीडशे मीटरनं कमी भरली आणि तिथं झालेला राष्ट्रीय विक्रम रद्द झाला. आमच्या सर्व्हिस रोडवरची चूक आणि ती चूक, दोन्ही एकाच जातीच्या.

विक्रमासाठी आणखी दोन अटी आहेत. रस्ता सगळाच उताराचा असता कामा नये. किलोमीटरमागे सरासरी एक मीटरपेक्षा जास्त उतार चालत नाही. आणि सुरुवात आणि शेवट यांतलं सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून जास्त नको, नाहीतर वारा सगळा वेळ पाठीशी राहू शकतो.

अंतराची गोष्ट झाली. आता वेळेची.

गावच्या शर्यतीत शिट्टी वाजते आणि शेवटच्या रेषेवरचा माणूस आवाज ऐकून घड्याळ सुरू करतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. शंभर मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला आवाज पोचायला सेकंदाच्या पावभागाहून अधिक वेळ लागतो. तेवढा वेळ धावपटूला फुकट मिळतो. म्हणून जुन्या पंचांना शिकवलेलं असे की आवाजावर घड्याळ दाबू नका, पिस्तुलाचा धूर दिसला की दाबा. आपल्याकडे पिस्तूल नसेल तर सुरुवातीचा माणूस मोठा झेंडा खाली आणेल आणि घड्याळवाला झेंड्याकडे बघेल. एवढी सोय कुठल्याही गावाला परवडते. मोठ्या स्पर्धांत हाच विचार धावपटूंच्या कानापर्यंत नेला आहे. वेगाच्या शर्यतीत आठ मार्गिका असतात, त्यामुळे पिस्तुलाजवळच्याला आवाज आधी आणि लांबच्याला नंतर पोचतो. दहा मीटरला ०.०३ सेकंद. म्हणून प्रत्येकाच्या पाठीमागे वेगळा स्पीकर ठेवलेला असतो, आवाज सगळ्यांना एकाच क्षणी मिळावा यासाठी. आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत कोणी पाय दाबला तर तो आवाज ऐकून निघाला नाही, अंदाजानं निघाला, असं धरतात आणि २०१० पासून त्या एकाच चुकीत त्याला बाहेर काढतात.

शेवटच्या रेषेवर शरीराचा कुठला भाग आधी पोचला हे बघायचं, यावरही नियम आहे. डोकं, मान, हात, पाय यांपैकी काहीही धरत नाहीत. धड धरतात. रेषेच्या बरोबर वर लावलेला कॅमेरा फक्त त्या रेषेची अरुंद फट बघतो आणि सेकंदाला हजाराहून जास्त वेळा तिची नोंद घेतो. या फटी शेजारीशेजारी लावल्या की एक चित्र तयार होतं. साध्या फोटोत आडवी बाजू म्हणजे जागा असते. या चित्रात आडवी बाजू म्हणजे वेळ. पंच त्यावर उभी रेघ सरकवत नेतो, ती धडाला टेकली की वेळ वाचतो.

हे यंत्र किती बारीक बघतं, ते बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याच्या मांडव्याच्या अविनाश साबळेंना विचारावं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये केनियाचा अब्राहम किबिवोट ८ मिनिटं ११.१५ सेकंदांत आला, साबळे ८ मिनिटं ११.२० सेकंदांत. फरक ०.०५ सेकंद. त्या वेगाला हे अंतर दीड-दोन वितींचं. डोळ्यांवर सोडलं असतं तर एका बाकावर बसलेल्यांनी एक नाव सांगितलं असतं, दुसऱ्या बाकावरच्यांनी दुसरं, आणि भांडण आजही चालू राहिलं असतं. रौप्यपदक साबळेंना मिळालं आणि ते कोणीही वादात ओढलं नाही. हरणाऱ्यालाही निकाल मान्य करता येतो, हे मला त्या यंत्राचं मोठं काम वाटतं.

पण टेप आणि कॅमेरा फक्त अंतर आणि वेळ बघतात. शर्यतीत माणसं एकमेकांना भिडतात, तिथं काय?

स्टीपलचेस ही त्यासाठी सगळ्यात बोलकी शर्यत. तीन हजार मीटरांत अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या. साध्या अडथळ्याच्या शर्यतीतली हर्डल धक्का लागली की पडते. स्टीपलचेसमधला ओंडका पडत नाही, तो जड आणि पक्का असतो. पुरुषांसाठी उंची ९१.४ सेंटिमीटर, बायकांसाठी ७६.२. त्यावर पाय देऊन पुढे झेपावलं तरी चालतं. पंधरा-सोळा माणसं घोळक्यानं या ओंडक्यावर येतात. पुढच्याचा पाय चुकला तर मागच्याला थांबायलाही जागा नसते.

१ ऑक्टोबर २०१९, दोहा, जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. साबळे तिसऱ्या प्राथमिक फेरीत धावत होते. इथिओपियाचा ताकेले निगाते याच्यामुळे त्यांना एकाच शर्यतीत दोनदा अडथळा झाला. लय तुटली, वेळ गेली, पुन्हा वेग धरावा लागला. तरीही त्यांनी ८ मिनिटं २५.२३ सेकंद अशी वेळ दिली. तो त्या दिवशीचा नवा राष्ट्रीय विक्रम होता. पण फेरीत सातवा क्रमांक. अंतिम फेरीत पंधरा जण जाणार होते आणि त्यांत साबळे नव्हते.

इथून पुढचं सगळं मैदानाच्या बाहेर घडलं. मुलांनी इथं लक्ष द्यावं. निकाल अधिकृतपणे जाहीर झाला की अर्ध्या तासाच्या आत हरकत नोंदवावी लागते. ती धावपटूनं स्वतः किंवा त्याच्या वतीनं संघाच्या अधिकाऱ्यानं मुख्य पंचाकडे तोंडी मांडली तरी चालते. पंच चित्रफीत बघतो, बाकीच्या पंचांना विचारतो आणि निर्णय देतो. तो मान्य नसेल तर पुन्हा अर्ध्या तासाची मुदत. या वेळी लेखी अपील, सोबत शंभर डॉलर अनामत. अपील पोकळ ठरलं तर पैसे बुडतात. ते ऐकणारी समिती वेगळी असते, आणि तिचा निर्णय शेवटचा.

भारतीय संघानं हरकत घेतली. चित्रफीत पाहून पंचांनी मान्य केलं की साबळेंना दुसऱ्याच्या कृतीमुळे दोनदा अडथळा झाला आहे. अडथळ्याबाबतचा नियम तेव्हा १६३.२ या क्रमांकानं ओळखला जाई. त्यानुसार पंच शर्यत पुन्हा घ्यायला सांगू शकतो, नाहीतर ज्याचं नुकसान झालं त्याला पुढच्या फेरीत धावू देऊ शकतो. साबळेंना सोळावा म्हणून अंतिम फेरीत घेतलं. कोणाचंही हिसकावून त्यांना दिलं नाही. एक जागा वाढवली, एवढंच.

त्या नियमाच्या पोटात एक अट आहे, जी मला फार मोलाची वाटते. ज्याला ही सवलत हवी, त्यानं सर्वसाधारणपणे प्रामाणिक प्रयत्न करून शर्यत पूर्ण केलेली असली पाहिजे. धक्का लागला म्हणून वैतागून ट्रॅक सोडला असता, तर साबळेंच्या वतीनं बोलणाऱ्याचं म्हणणं तिथंच लंगडं पडलं असतं. ते धावत राहिले, विक्रम करून थांबले, म्हणून मागता आलं. तीन दिवसांनी अंतिम फेरीत त्यांनी ८ मिनिटं २१.३७ सेकंदांची वेळ दिली आणि तेरावे आले. टोकियो ऑलिंपिकसाठी ८ मिनिटं २२ सेकंद लागत होते. म्हणजे अर्ध्या तासात नोंदवलेल्या त्या हरकतीनं त्यांना दोह्यातच ऑलिंपिकचं दार उघडून दिलं.

याच जागी मला १९५२ चं हेलसिंकी आठवतं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून त्यांना सात हजार रुपये दिले, लोकांनी वर्गणी केली आणि पोरगा फिनलंडला पोचला. जपानच्या शोहाची इशीबरोबरची लांबलेली कुस्ती ते हरले. लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामादबेयोव्हबरोबर उतरायला सांगितलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यायची, असा नियम होता. तो नियम बोलून दाखवायला तिथं एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. थकलेले खाशाबा उतरले आणि हरले. त्यांनी कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. विश्रांती मिळाली असती तर काय झालं असतं, हे मी सांगू शकत नाही. पण त्या अर्ध्या तासावर त्यांचा हक्क होता.

हेलसिंकीत नियम होता, मागणारा नव्हता. दोह्यात नियमही होता आणि मागणारेही होते. दोघांच्या ताकदीत, जिद्दीत, गावाकडच्या गरिबीत मला फरक दिसत नाही. फरक आहे तो मैदानाच्या कडेला नियमाचं पुस्तक घेऊन बसलेल्या माणसाचा.

हरकतीचा निकाल आपल्या बाजूनंच लागतो असं नाही, हेही सांगितलं पाहिजे. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर बायकांच्या स्टीपलचेसमध्ये धावल्या. बहारीनची रुथ जेबेट पहिली आली. मग आखलेल्या मार्गाच्या आत पाऊल पडलं म्हणून तिला बाद केलं. त्यामुळे ललिता तिसऱ्यावरून दुसऱ्या क्रमांकावर गेल्या आणि सुधा सिंग चौथ्यावरून तिसऱ्यावर. भारताच्या खात्यावर दोन पदकं दिसू लागली. बहारीननं दाद मागितली, ती मान्य झाली आणि जेबेटचं सुवर्ण तिला परत मिळालं. ललिताला कांस्य, सुधाला काहीच नाही. ज्या दारानं साबळे आत गेले, त्याच दारानं सुधाचं पदक बाहेर गेलं. वाईट वाटतं, पण दार दोन्ही बाजूंना सारखंच उघडतं हे मान्य केल्याशिवाय आपल्याला त्याचा आधार मागता येणार नाही. ललितांनी त्याबद्दल रडत बसण्याऐवजी दोन वर्षांनी रिओमध्ये अंतिम फेरी गाठली. पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी ऑलिंपिक ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत धावलेली ती पहिली भारतीय बाई, आणि क्रमांक दहावा.

त्या रिओच्या शर्यतीतही सुवर्ण जेबेटलाच मिळालं. पुढे २०१७ मध्ये घेतलेल्या तिच्या नमुन्यात एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ईपीओ, सापडलं आणि तिच्यावर चार वर्षांची बंदी आली. ईपीओ हे शरीरात आपोआप तयार होणारं द्रव्य. ते तांबड्या पेशी वाढवतं. बाहेरून टोचून घेतलं तर रक्त जास्त प्राणवायू वाहून नेतं आणि लांबच्या शर्यतीत दम टिकतो. हा नमुना २०१७ चा होता. त्यावरून २०१४ च्या किंवा २०१६ च्या पदकाबद्दल बोलण्याचा अधिकार कोणालाही नाही. तिचं रिओचं सुवर्ण आजही तिच्याच नावावर आहे. संशयावर निकाल फिरवायचा नाही, पुराव्यावरच फिरवायचा, हाही न्यायाचाच भाग.

तो पुरावा कसा गोळा करतात, ते आमच्या मुलांना माहीत नसतं, म्हणून थोडं विस्तारानं. शर्यत संपली की एक माणूस येऊन धावपटूला लेखी सूचना देतो आणि तिथून पुढे त्याला नजरेआड होऊ देत नाही. तपासणी खोलीत धावपटू बंद पाकिटांतून एक भांडं स्वतः निवडतो. बाईसमोर बाई, पुरुषासमोर पुरुष अधिकारी उभा असतो आणि त्याच्या देखत किमान ९० मिलिलिटर लघवी द्यावी लागते. मग धावपटू पुन्हा स्वतः एक संच निवडतो, दोन बाटल्यांवरचे आकडे जुळतात का बघतो आणि नमुना स्वतःच्या हातानं अ आणि ब बाटल्यांत ओततो. झाकण एकदा घट्ट बसलं की प्रयोगशाळेतल्या यंत्राशिवाय उघडत नाही. फॉर्मवर गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं, पावडरी सगळं लिहायचं, सही करायची, आपली प्रत सांभाळून ठेवायची. प्रयोगशाळेला फक्त आकडा कळतो, नाव कळत नाही. अ बाटलीत काही सापडलं तर ब बाटली उघडायची मागणी करता येते, उघडताना तिथं उभं राहता येतं. नमुना दहा वर्षांपर्यंत जपून ठेवता येतो. आज न सापडणारं उद्याच्या यंत्रात सापडू शकतं.

आपल्याकडे हे काम राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था, नाडा, करते. वरच्या पातळीवरच्या खेळाडूला रोज एक तास कुठे सापडेन ते आधी कळवून ठेवावं लागतं. बारा महिन्यांत तीनदा चूक झाली की तोही गुन्हा. आणि एक नियम फार कडक आहे: शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. कोणी दिलं, कशात मिसळलं होतं, हे नंतरचे प्रश्न. दम्यासारखा आजार असेल तर औषधाची परवानगी रीतसर मागता येते, पण मागावी लागते. भरतीच्या हंगामात कोणी ओळखीचा डबा, गोळी, इंजेक्शन घेऊन आला तर पोरांनो, हात लावू नका. नियम तर मोडेलच, पण लेबल नसलेल्या डब्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि काळीज तुमचं आहे.

इतकं सगळं करूनही काही भाग नियमांच्या हाताला लागत नाही. आमच्याकडे लोकांना तो भाग चांगला कळतो. सीमाभागातल्या कुस्तीच्या मैदानाला जाऊन बघा. दोन पैलवान ठरवून कुस्ती करू लागले की दोन-तीन मिनिटांतच मातीच्या कडेला बसलेला म्हातारा म्हणतो, नुरा आहे. त्याच्याकडे चित्रफीत नसते. झटापटीतली ओढ खरी की दाखवायची, हे त्याला हालचालीवरून कळतं. मराठीत यासाठी स्वतंत्र शब्द आहे, याचा मला अभिमान वाटतो. एखाद्या समाजाला जे खुपतं त्यालाच तो नाव देतो. जागतिक ॲथलेटिक्सच्या नियमांतही त्याच अर्थाचं कलम आहे: प्रामाणिक प्रयत्न न करता जो स्पर्धेत उतरतो, त्याला त्या स्पर्धेतल्या पुढच्या शर्यतींतून वगळता येतं. नुरा कुस्ती ओळखणाऱ्या म्हाताऱ्याला हे कलम कोणी वाचून दाखवलं तर तो म्हणेल, यात नवीन काय.

खिलाडूवृत्ती शिकवायची तर भाषणानं शिकवता येत नाही, असं मला वाटतं. मुलाला एकदा खऱ्या मापाच्या रस्त्यावर धावू द्या, त्याची खरी वेळ त्याला सांगा, त्याचं म्हणणं ऐकून घ्या आणि विरुद्ध निकाल लागला तर कारण समजावून सांगा. पुढच्या वेळी त्याचा पाय लागून दुसरा कोणी पडला, तर हा मुलगा थांबून त्याला उठवेल की नाही, सांगता येत नाही. पण शर्यत झाल्यावर आपला पाय लागला होता हे तो कबूल करेल. लपवून काही मिळत नाही अशा मैदानात तो वाढलेला असेल.

म्हणून काकती, होनगा, कडोली, कंग्राळी आणि तिकडे निपाणीपर्यंतच्या सगळ्या मंडळांना, यात्रा कमिट्यांना आणि तालमींना माझी विनंती आहे. यंदा गणपतीत किंवा यात्रेत धावण्याची शर्यत ठेवाल, तेव्हा मोटारसायकलच्या मीटरवर विसंबू नका. पन्नास मीटरचा पोलादी टेप बत्तीस वेळा टाकला की सोळाशे मीटर होतात; दोन माणसं आणि सकाळचा एक तास पुरतो. वळणावर चुन्याची रेघ मारा आणि तिथं एक माणूस वही घेऊन उभा करा, प्रत्येकाचा क्रमांक लिहायला. सुरुवातीला झेंडा ठेवा. शेवटच्या रेषेवर बसणारा माणूस रेषेच्या सरळ समोर, थोड्या उंचीवर बसवा. हरकत कोणाकडे आणि किती वेळात घ्यायची, ते धावण्याआधी मराठीत आणि कानडीत मोठ्यानं वाचून दाखवा. आणि निकाल जाहीर केल्यावर, पाहुणे कितीही घाईत असले तरी, अर्धा तास थांबा. मग बक्षिसं वाटा.